दोन हिरवे दिवे

मनू तापाने गेली, तेव्हापासून छाया रोज संध्याकाळी लेकीचा गॅदरिंगमधला नाच कॉम्प्युटरवर बघायची. तिच्या नवऱ्याने, ललितने तो आतल्या खोलीतल्या सर्व्हरवर जपून ठेवला होता. एकदा उंदराने केबल कुरतडली, नाच मध्येच थांबला आणि छायाने दोन दिवस अन्नाला हात लावला नाही.

मग ललितने त्यांच्या इंदिरानगरच्या फ्लॅटमध्ये सर्व्हरला दोन केबल लावून त्यांची एक लिंक केली. "एक तुटली तरी दुसरी चालू राहील, छाया. आता मनू थांबायची नाही."

महिन्याभरात सर्व्हरमधली एकुलती एक हार्ड डिस्कच गेली. नाचाची दुसरी कॉपी काढायची राहूनच गेली होती.



छाया सर्व्हरवर केबलींपाशी लुकलुकणाऱ्या दोन हिरव्या दिव्यांकडे बोट दाखवत म्हणाली, "अहो, दोन्ही केबल चालू आहेत की! मग मनू का येत नाही?"