बुटातलं बक्षीस

सिस्टरांनी माझा बूट उलटा केला, तसा आतून नातीचा बिल्ला पडला. शाळेत गाण्यासाठी मिळालेला. त्याची पिन उघडी होती.

मधुमेहानं माझे तळवे बधिर झालेत. पायाची आधीची जखम भरायला आठ महिने लागले. "काका, बूट झटकल्याशिवाय पाय घालायचा नाही," सिस्टर दर ड्रेसिंगला बजावायच्या. आज नातीला आणायला पहिल्यांदाच शाळेपर्यंत चालत गेलो आणि त्या आनंदात नेमकं तेच विसरलो. परतताना तिला घेऊन सिस्टरांना पाय दाखवायला ऐटीत इथं दवाखान्यात आलो, तर मोजा रक्तानं भिजलेला.

 सिस्टरांनी मोजा कापायला कात्री उचलली.

नात हिरमुसली. "आजोबा, तुम्ही चालायला लागलात म्हणून बक्षीस ठेवलं होतं. पाय घातल्याबरोबर कळेल, म्हणून बुटात. तुम्हाला कळलंच नाही?"