ब डब्यातल्या अळ्या

"मॅडम, ब मध्ये आजपण एकही मेली नाही," रसिका म्हणाली. "दोनवरच अडकलंय. आणि काळे धब्बे वाढलेत."

"डाग म्हण गं. तेवढं तरी मराठी राहू दे." देवयानी हसून म्हणाली खरी, पण तिची नजर ब डब्यावरच होती.

नोएडातल्या त्या प्रयोगशाळेत तीन डबे होते. अ, ब आणि क. प्रत्येकात तीस हुमणीच्या अळ्या, उसाची मुळं कुरतडणाऱ्या. एका डब्यात देवयानीनं शोधलेली बुरशी फवारली होती, दुसऱ्यात एका मोठ्या कंपनीची, आणि तिसऱ्यात नुसतं पाणी. कुठल्या डब्यात काय, हे फक्त खंडेराव सरांना ठाऊक. हा निवृत्त, कडक शिस्तीचा माणूस संस्थेनं मुद्दाम बाहेरून आणला होता. त्यांनी बाटल्यांवर अक्षरं चिकटवली आणि यादी पाकिटात बंद करून घरी नेली.

नियम दोनच. बुरशी देवयानीची, म्हणून डब्यांना तिनं हात लावायचा नाही. रोजची मोजणी आणि सही तिची सहायक रसिका हिची. दुसरा नियम, पाण्याच्या डब्यात सहापेक्षा जास्त अळ्या मेल्या तर चाचणी बाद. पाण्यानं कोणी मरत नाही. मेल्या म्हणजे प्रयोगातच काहीतरी घोळ. उन्हाळ्यातली चाचणी अशीच बाद झाली होती, एसी बंद पडला म्हणून. ही शेवटची. ही गेली की युनिट बंद आणि सात वर्षांचं काम रद्दीत.

हात लावायला बंदी होती, लांबून बघायला नव्हती. आणि देवयानी बघत होती. अ मधल्या अळ्या खाऊनपिऊन गुबगुबीत. हा पाण्याचाच डबा असणार. क मध्ये सातव्या दिवशीच तेवीस गेल्या होत्या. आणि ब मध्ये हे काळे डाग.

बुरशी अंगात शिरली की अळी गप्प बसत नाही. तिचं रक्त बुरशीला घेरतं, वर काळी खपली धरतं आणि आतल्या आत तिला गाडून टाकतं. देवयानीच्या बुरशीला गेल्या वर्षी पहिल्या प्रयोगात अळ्यांनी असंच गाडलं होतं. तेव्हापासून तिनं त्या बुरशीत किती सुधारणा केल्या, पण डाग तेच.

"चावल्यानेपण होतात ना असे?" रसिकानं विचारलं. "ब वाल्या आपसात फार लढतात."

"सात वर्षं बघतेय मी. आपलं पोर गर्दीतही ओळखू येतं."

रसिका चाचरत म्हणाली, "मॅडम, परवा चौदा जानेवारी. आईबाबा दर वर्षी पानिपतला काला अंबला, लढाईच्या स्मारकावर जातात. मलापण बोलावतायत. पण मोजणी..."

"बिल्कुल जा. मोजणी मी बघते. सही परत आल्यावर कर."

"पण तुम्ही हात लावायचा नाही ना?"

"अगं, नुसतं मोजायचं तर आहे."

देवाशपथ सांगायचं तर तेव्हा तिच्या मनात खरंच काही नव्हतं.

चौदाला सकाळी दाट धुकं होतं. मयूर विहारहून मेट्रोनं ती आली तेव्हा मजल्यावर चिटपाखरू नव्हतं. तिनं ब उघडला. अठ्ठावीस जिवंत. एक अळी तर तिच्या बोटावर चढू पाहत होती. देवयानीला रडूच आलं. सात वर्षं, आईच्या आजारपणातही सुट्टी न घेता, आणि ही कीड तिच्या बुरशीला खपलीखाली पुरून वर मुळं खात बसली होती.

शेजारी क मधल्या मेलेल्या अळ्यांची बरणी होती. मोजून नोंदवलेल्या, त्यांचा हिशेब आता कुणी मागणार नव्हतं. तिनं त्यातल्या चौदा ब मध्ये घातल्या आणि ब मधल्या चौदा जिवंत उचलून स्पिरिटमध्ये टाकल्या. स्वतःची लाज वाटली. मग तिनं मनाची समजूत घातली, एवढ्यानं त्या मोठ्या कंपनीचं काय बिघडतंय? पहिला नंबर त्यांचाच राहणार. आपण निदान जिवंत राहू.

दुसऱ्या दिवशी रसिकानं आकडा बघितला. "अच्छा, एकदम चौदा?"

"कधीकधी उशिरा काम करते बुरशी."

रसिकानं सही केली. तीन दिवसांनी त्या चौदांच्या अंगावर हिरवी बुरशी फुटली, तेव्हा तर रसिकानंच टाळ्या वाजवल्या. देवयानीला त्या रात्री झोप लागली नाही, पण पुढच्या रात्री लागली.

पाकीट उघडायच्या दिवशी खंडेराव सर वेळेआधी पाच मिनिटं आले. चहा नको म्हणाले. एका बाजूला मोजणीची वही, एका बाजूला यादी, अशी त्यांनी मांडणी केली आणि चष्मा चढवला.

"अ. तीसपैकी शून्य. ही कंपनीची बाटली." त्यांनी भुवया उंचावल्या. "बुरशी मेलेलीच असावी आतली. नाव मोठं, बाकी काही नाही."

देवयानीला वाटलं, सर चुकीची ओळ वाचतायत.

"क. तीसपैकी एकोणतीस." ते पहिल्यांदाच हसले. "अळीला लढायला उसंतच दिलेली नाही. देवयानी, चाळीस वर्षांत मी असा निकाल बघितला नाही. क तुझी आहे."

रसिकानं तिला मिठी मारली. देवयानीचे हात तसेच लोंबत राहिले.

सरांचं बोट खालच्या ओळीवर आलं आणि तिथेच थांबलं. त्यांनी यादी पाहिली, वही पाहिली, पुन्हा यादी पाहिली. मग वही उलटी फिरवून त्यांनी रसिकापुढे सरकवली आणि सहीवर बोट ठेवलं.

"साध्या पाण्यानं सोळा अळ्या मारल्यास तू, रसिका?"