लाँड्रीतला कोपरा

"आई, ते मशीन बंद कर. इथे काम चाललंय."

कानातला हेडफोन न काढताच लेक बोलला. तिने शिलाई मशीनच्या पायडलवरचा पाय उचलला. पँटची पट्टी अर्धीच दुमडून झाली होती.

"आणि मी काय टाळ्या वाजवतेय?"

"तसं नाही गं. तुझं मधूनमधून केलं तरी चालतं. माझं ऑफिस आहे हे."

साहेबाने सगळ्यांना घरून काम करायला सांगितलं, तेव्हा खिडकीतली उजेडाची जागा त्याच्या टेबलाला गेली आणि तिचं मशीन दारामागे. तो मीटिंगला बसला की भांडंसुद्धा ती तान्हं मूल निजवल्यासारखं ठेवायची. याच घरात पस्तीस वर्षं शिवून तिने त्याला वाढवलं. तेव्हा कुणी आवाज हळू केला नव्हता. उलट 'घरीच तर असतेस' म्हणत सगळ्या इमारतीच्या किल्ल्या आणि पार्सलं तिच्या गळ्यात. शाळेच्या फॉर्मवर आईच्या व्यवसायापुढे याच लेकाने लिहिलं होतं, 'काही नाही'. तेवढी अक्षरं तिला वाचता येत होती.

नाकावर माशी बसू न देणारी बाई. दुसऱ्या दिवशी मशीन कोपऱ्यावरच्या लाँड्रीत हलवलं. लाँड्रीवाली जुनी मैत्रीण. साडेनऊला डबा घेऊन निघाली.

"कुठे?" लेकाने विचारलं.

"ऑफिसला."

रागाच्या भरात एकाही गिऱ्हाइकाला सांगायचं सुचलं नाही. अकरा वाजले, बारा वाजले, कुत्रं फिरकेना. कालची पट्टी शिवून झाली, तसे हात रिकामे झाले.

"ऑफिसात झोपा काढतात म्हणे," लाँड्रीवाली इस्त्री फिरवत म्हणाली. "तू पण घे एक."

तिच्या मनात किडा वळवळायला लागला होता. लेकाचंच खरं असेल का? ते काम असतं, तर एव्हाना कुणी शोधत आलं नसतं?

दीडच्या सुमाराला लेकच दारात उभा राहिला. वर कडक शर्ट, खाली घरातली अर्धी चड्डी. हातात गठ्ठा. शाळेचे चार गणवेश, एक पडदा, चेन तुटलेलं जाकीट, आणि सगळ्यांत वर शेजाऱ्यांची किल्ली.

"सकाळपासून चौदा वेळा बेल वाजली," तो म्हणाला. "मीटिंगमधून चारदा उठलो. साहेब म्हणाले, घरी जमत नसेल तर तसं सांगा. एक आजी तर मला टेप धरायला लावून माप देऊन गेल्या."

लाँड्रीवालीने तोंडाला रुमाल लावला. आईच्या चेहऱ्यावरची रेघही हलली नाही.

तो स्टुलावर टेकला. गठ्ठा मशीनवर ठेवला.

"आई, या सगळ्यात तू काम कधी करायचीस?"

तिने गठ्ठा पुढ्यात ओढला.

"दोन बेलांच्या मधे," ती म्हणाली.