अठरा पूर्ण

डोअरकीपरने दोन तिकिटं फाडली आणि तिसऱ्यावर त्याचा हात थांबला.

"हिचं वय काय?"

चांगुणा मान खाली घालून उभी होती. मामीने आपली जांभळी साडी नेसवून, अंबाडा घालून तिला पाठवलं होतं. पण बारावीतली पोर अंबाड्यात कितीशी लपणार?

"एकोणीस," कारभारी म्हणाला. त्याच्याशी तिचं लग्न ठरून पंधरा दिवस झाले होते. सातपूरला एका कारखान्यात तो फिटर होता. अंगाने थोराड, बोलायला सरळ. पोरीला सिनेमा दाखवतो म्हणून त्याने तिच्या मामांची परवानगी काढली होती आणि सोबतीला आपल्या वहिनीला, भागीबाईला, दिंडोरीहून बोलावून घेतलं होतं.

डोअरकीपरने भिंतीवरच्या पाटीकडे बोट केलं. 'केवळ प्रौढांसाठी.'

"भुताचा पिक्चर आहे. अठरा पूर्ण लागतात."

"अवो, लगीन ठरलंय तिचं," भागीबाई म्हणाली. "वैशाखात बार हाय. ल्हान कशी असंल?"

"लग्नाला चालत असेल, बाई. इथं मालक मला धरतो."

मागे माणसं खोळंबली. कुणीतरी शीळ घातली.

चांगुणाला हसावं की रडावं कळेना. ह्या सिनेमाची गोष्ट तिने मैत्रिणींकडून तीनदा ऐकली होती. मामांच्या घरी सिनेमाचं नाव काढायची सोय नव्हती. म्हणून ऐकलेल्या गोष्टी ती अर्थशास्त्राच्या वहीत मागच्या पानांवर उतरवून काढायची आणि शेवट पटला नाही की स्वतःचा लिहायची. बी. ए. करायचं आणि पेपरात सिनेमांवर लिहायचं, हे तिने मनाशी ठरवूनच टाकलं होतं. तिच्या वहीतल्या मुली ऐन वेळी तोंड उघडायच्या. ती मात्र पाहुणे बघायला आले तेव्हा, कोंडाजीमामा बिनदिक्कत "एकोणीस" म्हणाले तेव्हा, पोह्यांची बशी धरून गप्प उभी राहिली होती.

"पोरी, तूच सांग," डोअरकीपर म्हणाला.

तिने पर्स उघडली. कॉलेजचं ओळखपत्र काढलं आणि त्याच्या हातात दिलं.

"चौदा मार्च त्रेसष्ट." त्याने बोटं मोजली. "म्हणजे सोळा. सतरासुद्धा नाहीत अजून."

"अगं बया!" भागीबाईने तोंडावर पदर धरला. "मामा तर एकुनीस म्हनले!"

कारभारीने कार्ड हातात घेतलं. त्याचे कान लाल झाले. चांगुणा श्वास रोखून त्याच्याकडे बघत राहिली. आता हा चिडेल, तिला वाटलं. तडक मामांच्या दारात जाईल, खोटारडी माणसं म्हणेल, लग्न मोडेल. मामा मारतील. मारू देत.

"मामांनी असं करायला नको हुतं," तो म्हणाला.

"ते खरं," भागीबाई म्हणाली. पदराआडून तिने चांगुणाला पायापासून डोक्यापर्यंत निरखलं आणि तिचा चेहरा हळूहळू सैल झाला. "पन बरंच झालं म्हनायचं की रं. कवळी हाय, तवर घरात रुळंल. थोराड पोरी कुठं ऐकत्यात?"

कारभारी क्षणभर घुटमळला. मग त्याने कार्ड शर्टाच्या खिशात टाकलं.

"ते द्या ना," चांगुणा म्हणाली. "उद्या कॉलेज आहे."

"ऱ्हाऊ दे माझ्यापाशी. कुनाला दिसलं तर उगं बोभाटा. पत्रिका छापायला गेल्यात."

आत घंटा वाजली. भागीबाई दाराकडे आणि दिराकडे आळीपाळीने बघायला लागली. ती जन्मात पहिल्यांदा टॉकीजची पायरी चढली होती.

"वैनी लांबून आल्यात," कारभारी चांगुणाकडे न बघता म्हणाला. "तू बस हितं बाकड्यावर. आमी बघून येतो. कुठं जाऊ नको."

पडदा बाजूला झाला, दोघं अंधारात गेली आणि दार लागलं.

चांगुणा बाकड्यावर बसली. आतून कुणीतरी किंचाळलं, मग सगळं थिएटर हसलं. कुठल्या जागी किंचाळलं, कशाला हसले, तिला सगळं पाठ होतं. तिने अंबाड्याच्या पिना उपसून काढल्या आणि एकेक करून बाकड्यावर ठेवल्या. डोळ्यांत पाणी यावं असं फार वाटत होतं. येत नव्हतं.

डोअरकीपर स्टुलावर बसून तिच्याकडे बघत होता.

"काका," ती एकदम म्हणाली, "लग्नालाही अठराच लागतात ना?"

"लागतात की." त्याने टोपी काढून डोकं खाजवलं. "पण तिथं दारावर कुणी नसतं."

आतलं संगीत चढत गेलं. शेवटी तो उठला, त्याने इकडेतिकडे बघितलं आणि दार वीतभर उघडलं. निळसर उजेडाची पट्टी तिच्या पायांपर्यंत आली.

"जा, बस मागच्या रांगेत," तो हलकेच म्हणाला. "मालक आज नाहीत. मी काही बघितलं नाही."

चांगुणा त्या फटीकडे बघत राहिली. मग तिने पाय बाकड्याखाली ओढून घेतले.

"नको, काका. 'नाही' म्हणणारे तुम्ही एकटेच निघालात. तुम्ही तरी बदलू नका."

त्याने दार ओढून घेतलं आणि आतून कुणी ढकलत असावं तशी दाराला पाठ लावून तो उभा राहिला.