सुनेचा नकार

"अहो आई, मी घेणार नाही. तुमच्याकडून आज काहीसुद्धा आत येणार नाही."

स्पीकर चालू होता. पंख्यांच्या घरघरीतही सुनेचा शब्द न् शब्द सर्व्हरच्या खोलीत सगळ्यांनी ऐकला. टेबलाशी बसलेल्या दोघा इंजिनियरांनी एकमेकांकडे पाहिलं. एक जण तोंडावर हात धरून खुदकन हसला. घरी पाण्याचा पेला स्वतःच्या हातानं न उचलणारी ही माणसं. सासू-सुनेचं वाजलं की मात्र कान टवकारून तयार.

हेडबाई लालबुंद झाल्या. इस्पितळाचे सगळे सर्व्हर त्यांच्या हाताखाली होते. सून दुसऱ्या शहरात, बॅकअपच्या खोलीत कामाला होती. इथं जे साठेल त्याची प्रत तिच्याकडे जायची. इथलं पुसलं की तिकडचंही पुसलं जायचं. आज सकाळी विजेचं काम झालं, सर्व्हर बंद करून परत चालू केले, आणि तेव्हापासून दोन्हीकडची जुळणी अडली होती. अर्धवट फाइल डॉक्टरांच्या हाती पडू नये म्हणून जुळणी झाल्याशिवाय जुने स्कॅन उघडायचेच नाहीत, अशी सोय होती. आणि वरच्या मजल्यावर एक चिमुरडी ऑपरेशनच्या टेबलावर होती. तिचं हृदय आधी एकदा उघडलेलं. आत कुठं काय शिवलंय ते त्या जुन्या स्कॅनमध्येच होतं. तो पाहिल्याशिवाय डॉक्टर हात लावणार नव्हते, आणि पोरीला फार वेळ थांबवता येणार नव्हतं.

"अगं, काल साफसफाई लावली होती मी. जुनी अडगळ पुसायची यादी आलीय, एवढंच. घे मुकाट्यानं."

"यादी पाहिलीत का तुम्ही? संपतच नाहीये."

"मला शिकवू नकोस!"

व्यवस्थापक दारातच उभे होते. "घरचं माणूस चिकटवलं की हे असं होतं, बाई," ते म्हणाले. "दुसरा कुणी असता तर एव्हाना काम उरकलं असतं."

चिकटवलं हे खरंच होतं. सून शिकलेली होती, कामाला चोख होती. पण तशी आणखीही माणसं रांगेत होती आणि हेडबाईंनी हट्टानं तिचंच नाव पुढं रेटलं होतं. इस्पितळभर कुजबुज झाली. बाईंनी कधी कुणाला चकार शब्दानं खुलासा केला नाही.

आणि ही बया आता चारचौघांत उलट उत्तर देत होती. पहिल्यापासून अशीच. बाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, पट्टी निघते न निघते तोच त्या गाडी काढायला निघाल्या, तर हिनं किल्लीच लपवली. बाईंनी घर डोक्यावर घेतलं. मुलगा मध्ये पडला, शेजारीण मध्ये पडली. किल्ली काही मिळाली नाही.

"शेवटचं विचारते. घेतेस की नाही?"

"नाही."

पलीकडच्या माणसानं नाही म्हटलं की जुळणी थांबते, हा नियम बाईंनीच केलेला. तो मोडायचा पासवर्डही फक्त बाईंकडे. त्यांनी तो दणादणा टाइप केला. इंजिनियर आता उठून मागे उभे राहिले होते. तमाशा जवळून बघायला मिळत होता. बाईंचं बोट एंटरवर गेलं.

"आई," पलीकडचा आवाज एकदम खाली आला, "जुन्या अडगळीत काल जन्मलेल्या बाळाचा स्कॅन कसा आला हो?"

बोट तिथंच राहिलं.

मग बाईंनी ते केलं, जे सकाळीच करायला हवं होतं. स्कॅन साठवायची जागा उघडून पाहिली. आत काही नव्हतं. एक फाइल नाही. मोठी डिस्क चालूच झाली नव्हती. विजेच्या कामात ती कायमची गेली होती. सर्व्हरला काय त्याचं! त्यानं आपलं कपाट उघडलं, ते रिकामं दिसलं, आणि तो पलीकडच्याला सांगत सुटला, तूही सगळं पूस, म्हणजे आपण दोघं सारखे. एक एंटर, आणि इस्पितळातल्या प्रत्येक माणसाचं काळीज दोन्हीकडून साफ.

बाईंनी बोट एंटरवरून उचललं. त्यांनी पासवर्ड खोडला. एकेक अक्षर खोडलं.

"अगं, आहे ना गं सगळं तिकडं?"

"आहे. जसंच्या तसं."

"मग त्या पोरीचं हृदय पाठव आधी."

"ते कधीच काढून ठेवलंय. डॉक्टरांचं मशीन सांगा, थेट तिथंच टाकते."

थोड्या वेळानं वरून निरोप आला. स्कॅन उघडला. डॉक्टरांनी सुरुवात केली. खोलीत आता कुणी हसत नव्हतं. दोघं इंजिनियर मेलेल्या डिस्ककडे असं बघत होते, जणू ती उठून बोलणार आहे.

व्यवस्थापकांनी घसा साफ केला. "नशीब थोर म्हणायचं, बाई. वशिल्याचं माणूससुद्धा कधी कधी कामाला येतं."

स्पीकर अजून चालू होता. हेडबाईंना ते ठाऊक होतं. त्यांनी तो बंद केला नाही. उलट जरा मोठ्यानंच बोलल्या.

"नशीब कसलं, साहेब? तिच्याआधी त्या खुर्चीत जो जो बसला, तो मला टरकून होता. मी म्हणेन त्याला हो. असल्यांच्या हाती मी बॅकअप ठेवू? तोंडावर नाही म्हणणारं माणूस हवं होतं मला. सगळीकडे शोधलं. शेवटी माझ्याच घरात सापडलं."