मोडलेला पाय

खुरपताना कट्कन आवाज झाला आणि मंजुळाबाई तुरीच्या तासात आडवी झाली. रबरी पाय घोट्यापाशी चिरला होता. आतलं लाकूड दिसत होतं.

बहात्तरच्या दुष्काळात खडीच्या कामावर धोंडा पडून खरा पाय गेला, तेव्हापासून ती कुबडीवर होती. नांदेडच्या डॉक्टरांनी हा पाय फुकट बसवून दिला, म्हणून तर पुन्हा रानात उतरली. "नव्या तऱ्हेचा आहे, अजून आम्ही पारखून पाहतोय. जपू नका, भरपूर वापरा," ते म्हणाले होते. पण पाहुण्याला वाढतानाही लोक 'लाजू नका, पोटभर घ्या' असंच म्हणतात. आपण जपायचंच असतं.

"तार गुंडाळ अन् गप बस," नवरा सटवाजी म्हणाला. "मोडला म्हणलं तर माघारी घेतील."

तपासणीच्या दिवशी नांदेडचे तेच डॉक्टर कळमनुरीच्या दवाखान्यात आले होते. ती पायावर लुगडं ओढून बसली. शेजारी तांड्यावरचा उत्तमसिंग होता. त्याचा रबरी पाय तेल लावल्यासारखा चकाकत होता. "लग्नकार्यालाच घालतो मी," तो ऐटीत म्हणाला. मंजुळाबाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पण तो चकचकीत पाय पाहून डॉक्टरांचा चेहरा पडला. मग त्यांनी मंजुळाबाईच्या पायाची तार सोडली, भेग पाहिली आणि फरशीवरच बसकण मारली. "कसा मोडला? उकिडव्या बसला होतात की उठत होतात?" आवाजात राग नव्हता. उलट डॉक्टर खूश दिसत होते.

तिला काही उमजेना. नीट ठेवणाऱ्यावर नाराज अन् मोडणारीवर खूश? माणूस भ्रमला की काय?

"डाक्टरसाहेब, तुमी रागावून काहून न्हाई राहिले?"

"अहो, कुठं मोडतो ते कळलं, म्हणजे पक्का करता येईल. असाच गावोगाव वाटला असता, तर किती लोक पडले असते! तुम्हाला दुसरा देणारच आहे. पण आधी सांगा, आणखी काय त्रास होतो?"

पट्टा गुडघ्याला काचायचा. चिखल आत शिरायचा. उकिडवं बसलं की तोल मागं जायचा. फुकट मिळालेल्या वस्तूला नावं कशी ठेवायची, म्हणून तिनं हे सटवाजीलाही सांगितलं नव्हतं. तिनं डॉक्टरांकडे निरखून पाहिलं. ते खरंच वाट पाहत होते.

तिनं पदर खोचला.

"मंग ऐका डाक्टरसाहेब. तुमचा पाय लई वाईट हाय."