डावीकडची सीट

"ती सीट दुमडत नाही. अडकली आहे," तो म्हणाला.

दवाखान्याच्या दारात चाकाच्या खुर्चीत त्याचे वडील बसले होते. मांडीपासून टाचेपर्यंत प्लास्टर, पाय फळीसारखा सरळ. गुडघा वाकवायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. त्यांना गाडीच्या मागच्या बाकावर बसवून पाय पुढे पसरायचा, तर मधल्या रांगेतली डावीकडची सीट आडवी व्हायलाच हवी होती.

"मग काय मला टपावर बांधून नेणार?" वडील म्हणाले. "अरे, गावभरच्या गाड्यांच्या सीटा तू शिवतोस, दुरुस्त करतोस. स्वतःच्या गाडीत मात्र दिव्याखाली अंधार!"

वॉर्डबॉय हसला. त्याला मात्र हसू आलं नाही.

सात माणसांची ही गाडी त्यानं हौसेनं घेतली ती सीटांसाठीच. एक खटका ओढला की पाठ खाली, दुसरा ओढला की सगळी सीट सपाट. सायकल न्या, कपाट न्या, नाहीतर अख्खं खानदान भरा. त्याच्या मुलानं पहिल्याच दिवशी डावीकडची खिडकी पटकावली होती. सीटची पाठ एक घर मागे करायचा आणि तोंड उघडं टाकून झोपायचा. आई पुढून ओरडायची, "सरळ बस, पोक येईल!" तो ऐकेल तर शपथ.

मुलगा तापानं गेला त्याला दीड वर्ष होऊन गेलं. त्यानंतर लगेचच त्यानं बायकोला सांगून टाकलं होतं की ती सीट अडकली आहे, तिला हात लावू नकोस. "नाही लावत," ती म्हणाली होती. ती पहाटे गाडी घेऊन फुलबाजारात जायची आणि दुकानादुकानांत फुलं पोचवून यायची. फुलांच्या बादल्या सीटांच्या मधल्या जागेत मावतात, असं सांगायची. मग गाडी घेऊन तो कामाला जायचा.

खरं कारण त्यानं कुणालाच सांगितलं नव्हतं. रोज संध्याकाळी गाडी लावली की तो त्या सीटची पाठ एक घर मागे करून ठेवायचा, पोराला आवडायची तशी. आणि रोज सकाळी ती सरळ झालेली असायची.

पहिल्यांदा त्याच्या अंगावर काटा आला होता. मग भीती गेली नाही, पण तिच्यासोबत ओढ लागली. जिवंतपणी कुणाला न जुमानणारा पोरगा आता आईचं ऐकून सरळ बसतो, असं त्याला वाटायचं. सकाळी गाडीचं दार उघडताना त्याचा जीव वरखाली व्हायचा. ती सीट कुणी एकदा जरी दुमडली तर पोरगा यायचा बंद होईल, एवढंच भय त्याला आता उरलं होतं.

"थांबा, अँब्युलन्स बोलावतो," तो म्हणाला.

"घर चार गल्ल्यांवर आणि म्हणे अँब्युलन्स!" वडील चिडले.

तेवढ्यात बायको औषधांची पिशवी घेऊन आली. तिनं सासऱ्यांच्या पायाकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. पिशवी त्याच्या हातात दिली. तो काही बोलायच्या आत ती गाडीत वाकली. एक खटका, दुसरा खटका. सीट सपाट झाली. तिला खाली बघायचीही गरज पडली नाही.

वडिलांना आत घेतलं, पायाखाली उशी दिली. इंजेक्शनच्या गुंगीत ते लगेच घोरायला लागले. वॉर्डबॉय रिकामी खुर्ची ढकलत निघून गेला. गाडीच्या मागे दोघंच उरली.

"तुला कशी जमली?"

"रोजच करते," ती हळू आवाजात म्हणाली. "एवढ्या उंच बादल्या सीटांमध्ये कुठल्या मावायला? परत आले की उभी करून ठेवते, अगदी सरळ. तुम्हाला ती आडवी झालेली बघवत नाही म्हणून तुम्ही अडकली म्हणता, एवढं मला कळत नाही का? मग मीही काही बोलले नाही."

म्हणजे ही. रोज सकाळी सीट सरळ करणारी ही.

पोरगा आत्ता, भर दुपारी, या दारात दुसऱ्यांदा मेला होता. तिच्यावर ओरडावं, की गाडीला टेकून रडावं, हेच त्याला कळेना. आपण वेड्यासारखे कुणाची वाट बघत होतो, हे तिला सांगून तरी टाकावं, म्हणून त्यानं तोंड उघडलं.

तिनं त्याची बाही धरली.

"एक सांगू? वेडी म्हणू नका हं. मी तिची पाठ सरळ करून ठेवते ना, ती दुसऱ्या दिवशी पहाटे मागे झालेली असते. एक घर. रोज. तुम्ही तर त्या सीटकडे फिरकतही नाही. आधी फार घाबरले. आता अंधारात उठते ती त्याच ओढीनं. अहो, तो येतो."

सगळं त्याच्या जिभेवर आलं होतं. पण तिच्या चेहऱ्यावर असं काहीतरी होतं, जे त्यानं दीड वर्षात पाहिलं नव्हतं. ते त्यानं आतच ठेवलं.

"मग घरी गेल्या गेल्या सीट सरळ कर," तो म्हणाला. "तो यायच्या आत."